मनातली बखर आणि तारेला टोचलेली पत्रं

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा बखरींवर भरवसा नव्हता. घटना होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून किंवा फर्माइशीवरून लिहिलेला मजकूर म्हणजे बखर. तिच्यात आवेश असतो, रंगलेले संवाद असतात. पण सन चुकतात आणि माणसं भलत्याच ठिकाणी हजर असतात. त्यापेक्षा त्याच दिवशी, त्याच कामासाठी लिहिलेलं एखादं चिटोरं राजवाड्यांना मोलाचं वाटे. अशा कागदांच्या शोधात ते गावोगाव हिंडले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं खंडांमागून खंड काढत राहिले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं.

जुनं पत्र हाती आलं, जुनं गाणं कानावर पडलं की आत काहीतरी हलतं. ते का, हा प्रश्न मानसशास्त्राचा. पण तो समजून घ्यायला राजवाड्यांनी केलेला बखर आणि अस्सल कागद हा भेद मला सगळ्यात कामाचा वाटतो. आपलं मन बखरी लिहितं. पत्र हा अस्सल कागद. गाणं आणि सिनेमा यांची तऱ्हा निराळी, त्यांच्याकडे नंतर येऊ.

आधी हा रोग होता

स्मरणरंजन ही आज आपल्याला हौस वाटते. १६८८ मध्ये मात्र योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं प्रबंध लिहिला आणि घरापासून लांब गेलेल्या माणसांच्या एका दुखण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिलं. झोप उडते, अन्न जात नाही, ताप येतो, डोक्यात घराशिवाय दुसरा विचार नसतो. खात्रीचा इलाज एकच, रोग्याला घरी पाठवणं. परमुलखात भाडोत्री सैनिक म्हणून गेलेल्या स्विस शिपायांपुढे डोंगरातल्या गुराख्यांची धून वाजवायला बंदी होती, ती ऐकली की ते पलटण सोडून पळत, असंही पुढे सांगितलं जाई. हीसुद्धा बखरच असेल. पण गाणं माणसाला उठवून घरी नेऊ शकतं, हे तेव्हाही लोकांना पटत होतं.

खान्देशात या दुखण्याची तजवीज पंचांगातच करून ठेवलेली आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की सासरी गेलेल्या लेकी माहेरी यायच्या, झाडाला झोके बांधले जायचे आणि झोक्यावर गाणी चालायची. होफरचा इलाज आणि आखाजीचा इलाज एकच.

नॉस्टॅल्जियावरचा रोगाचा शिक्का पुसायला बराच काळ लागला. गेल्या पंचवीसेक वर्षांत इंग्लंडमधल्या साउदम्पटन विद्यापीठातल्या कॉन्स्टन्टाइन सेडिकिडीस आणि टिम विल्डशूट यांनी सहकाऱ्यांसोबत यावर पुष्कळ प्रयोग केले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: एकटं वाटायला लागलं की माणूस जुनं आठवतो, आणि जुनं आठवलं की आपल्यालाही आपली माणसं आहेत असं वाटून एकटेपणाची धार कमी होते. अशा आठवणींत आपण मध्यभागी असतो, पण एकटे क्वचितच; आजूबाजूला जवळची माणसं असतात. त्यामुळे सुरतेत उधना-लिंबायतला राहणाऱ्या खान्देशी कामगाराला कानबाईच्या रोटांच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, दिवसांत गाव आठवतं, तेव्हा तो नुसता रडवेला होत नाही, त्याला बळही येतं. गोड आणि कडू एकाच घासात, हे या भावनेचं लक्षणच आहे.

मन बखर कशी लिहितं

आता मुद्द्याचं. आठवण डोक्यात ठेव म्हणून पडून असते आणि लागेल तेव्हा आपण ती जशीच्या तशी काढतो, असं आपण समजतो. तसं होत नाही.

केंब्रिजमधले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळानं ती पुन्हा लिहून काढायला लावली. १९३२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. वाचकांनी कथा आखडती केली, न समजलेलं गाळलं, आणि उरलेलं आपल्या ओळखीच्या साच्यात बसवलं. कथेतल्या डोंगीची साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. कुणीही मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं.

दुसरा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर फुटलं. उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. साधारण चौथाई जणांचं एकूण एक उत्तर चुकलं होतं. बऱ्याच जणांना आपल्या उत्तराची पक्की खात्री होती. पुढे तर कमालच झाली. त्यांच्याच हस्ताक्षरातले कागद त्यांच्यापुढे ठेवले, तरी मूळ आठवण परत आली नाही. अक्षर आपलं आहे हे कबूल, पण घडलं ते आत्ता आठवतंय तसंच, ही भावना हलेना. अस्सल कागद समोर असूनही मन बखर सोडायला तयार नव्हतं.

असं का व्हावं? आठवण काढणं म्हणजे ती नव्यानं जुळवणं. मेंदूत प्रसंगाचे तुकडे वेगवेगळ्या जागी असतात: चेहरा एकीकडे, आवाज दुसरीकडे, भीती किंवा आनंद तिसरीकडे. आठवताना ते एकत्र येतात, आणि मधल्या फटी आजच्या समजुतींनी भरल्या जातात. २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. जुनी, मुरलेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते; त्या वेळात अडथळा आणला तर ती बिघडते. माणसाच्या आयुष्यभराच्या आठवणी उंदराच्या भीतीइतक्या साध्या नाहीत. तरी जी गोष्ट आपण चारचौघांत सारखी सांगतो, ती दरवेळी थोडी घासली जाते, एवढं त्यातून उमगतं.

शिवाय मन गोडाकडे झुकतं. प्रसंगातला त्रास आणि संताप लवकर ओसरतो, आनंद त्यामानानं टिकतो. संशोधकांना हे वारंवार आढळलं आहे. आमच्या खान्देशातली कुठलीही साठीतली व्यक्ती घ्या. वैशाखात धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, टाकलेली अंथरुणं, आभाळभर चांदण्या, मडक्यातलं गार पाणी, हे सगळं ती रंगवून सांगेल. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हाही पंचेचाळिसाच्या घरात जायचा. अंगावर घामोळं होतं, डास होते, ते मडकं भरायला कुणीतरी लांबून पाणी वाहून आणत होतं. हा भाग बखरीत येत नाही. आणि पाणी आणणारी आई किंवा बहीण असेल, तर तिची बखर वेगळी असते. तिला कुणी विचारलेलं नसतं.

तारेला टोचलेले कागद

पोस्टकार्ड जगात पहिल्यांदा निघालं ते १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत. भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचं कार्ड आलं. गरिबाला परवडणारं लेखन सुरू झालं ते तिथून. आलेलं पत्र वाचायचं आणि भिंतीवरच्या तारेच्या आकड्याला टोचायचं, ही बहुतेक घरांतली रीत. नव्या पत्रांखाली जुनी दबत जायची. म्हणजे तार हेच कालानुक्रमे लावलेलं दप्तर.

पत्रावर तारीख नसेल, नुसती मिती असेल आणि शिक्का पुसट असेल, तरी ते कोणत्या काळातलं हे पत्त्यावरून ओळखता येतं. ‘जि. पूर्व खानदेश’ असं लिहिलं असेल तर ते १९०६ नंतरचं. त्या वर्षी खान्देशचे दोन जिल्हे झाले. जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं १९६० च्या सुमाराची, पण जुन्या माणसांच्या हाताला ‘पू. खा.’ची सवय पुढेही राहिली, तेव्हा तेवढी सूट ठेवायची. सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. टपाल खात्यात पिनकोडची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, ही माहिती मला दरवेळी नव्यानं आवडते. जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१. आणि नंदुरबारच्या पत्त्यात ‘जि. धुळे’ असेल तर पत्र बहुधा १ जुलै १९९८ च्या आधीचं, कारण त्या दिवशी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला.

मजकुरात खरा ऐवज कुठे असतो? ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘इकडील सर्व क्षेम’ यांत नाही. तो सरळ ठरलेला मायना. ऐवज असतो तो कडेच्या मोकळ्या जागेत आडवं-तिरपं कोंबलेल्या ओळींत: कपाशीला काय भाव लागला, कोणत्या गाडीनं येतोय, म्हैस व्यायली का. मनिऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी छोटी जागा असायची. रक्कम आणि दोन ओळी. सुरतेहून किंवा मुंबईहून आलेली अशी चार-दोन कुपनं कुणी जपली असतील, तर त्या घराचा पैशाचा इतिहास आजोबांच्या गोष्टींपेक्षा त्यांत जास्त सापडेल.

समजा, घरात पक्कं ठरलेलं आहे की आत्याच्या लग्नाला थोरल्या काकांनी येणं टाळलं. वीस वर्षं अबोला त्यावर उभा आहे. आणि तारेवर काकांचं कार्ड निघतं: रजा मंजूर झाली नाही, आहेर पाठवतो आहे. मनातली बखर पत्रापुढे अशी उघडी पडते. हातातल्या जुन्या कागदानं गहिवरून येतं त्याचं एक कारण हेच असावं. समोर आपल्या आठवणीतले काका नसतात, १९७४ मधले, रजा न मिळालेले काका असतात. त्यांना पुढचा अबोला माहीत नसतो.

पण अस्सल कागदालाही पारखून घ्यावं लागतं.

पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमनपासून शेजारच्यापर्यंत सगळे वाचणार, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. भांडण, कर्ज, आजारपण हे कार्डावर येत नाही. आंतरदेशीय पत्रात किंवा पाकिटात थोडं येतं, बाकी समक्ष भेटीवर ढकललेलं असतं. दुसरं म्हणजे, मृत्यूची बातमी आणणारं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचून फाडून टाकायचं, असा पुष्कळ घरांत रिवाज होता. शुभकार्याच्या पत्राला हळदीकुंकवाची बोटं लागायची आणि ते जपलं जायचं. तेव्हा तारेवर जे उरलं, ते आधीच निवडलेलं आहे. मन दुःख गाळतं तसं तारेनंही ते गाळलंय.

तिसरी अडचण आमच्या भागाची खास. घरात बोलणं अहिराणीत, लेवा बोलीत, भिलीत किंवा गुजरीत. पत्र मात्र पुस्तकी मराठीत. आईला लिहिता येत नसेल तर ती शाळेतल्या पोराला जवळ बसवून सांगायची, ‘लिख, आठे बठ्ठं बेस शे’, आणि पोरगं लिहायचं, ‘इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत’. सांगणारी एक, लिहिणारा दुसरा. पत्रात आईची खबर येते, तिचा आवाज येत नाही.

गाणं मात्र जसंच्या तसं

तो आवाज गाण्यात टिकतो. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि एका नातेवाइकानं टिपून घेतल्यामुळे ती रचना उरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. असोदा-जळगावची बोली शब्दाशब्दांसकट छापली गेली, कारण कुणी तिचं शुद्ध मराठी करायला गेलं असतं तर ओवीचा ताल मोडला असता. यातच गाण्याचं मर्म आहे. गोष्ट आपण आशय म्हणून लक्षात ठेवतो, म्हणून ती बदलते. गाण्यात यमक आणि ठेका शब्दांना जागच्या जागी धरून ठेवतात. बखरकार मनाला तिथे हात घालायला फारसा वाव नसतो.

पण गाण्याचे शब्द टिकणं वेगळं आणि गाण्यानं काळ उभा करणं वेगळं. एखादं गाणं एका काळात खूप ऐकलं आणि नंतर कित्येक वर्षं ऐकलंच नाही, तर ते त्याच काळाला चिकटून राहतं. पुन्हा लागलं की तोच काळ वर येतो. जे गाणं आयुष्यभर दर गणपतीत वाजतं, ते कुठल्याच एका वर्षाचं उरत नाही. म्हणून हुरहूर लावणारं गाणं बरेचदा सामान्य दर्जाचं असतं, हे मी तरी कबूल करून टाकलं आहे.

वयाचाही वाटा मोठा. चाळिशी-पन्नाशीनंतर माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या प्रमाणाबाहेर जास्त निघतात. आवडत्या गाण्यांचं तर बहुतेक खातं कुमारवयातच उघडलेलं असतं. त्या वयात सगळं पहिल्यांदा घडतं, आणि ‘मी कोण’ हे ठरत असतं. २००९ मध्ये पेटर यानाटा यांनी तरुण विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणच्या काळातली गाणी ऐकवत त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. कपाळामागचा, मधल्या बाजूचा एक भाग अशा गाण्यांना चांगलाच प्रतिसाद देत होता. हाच भाग स्वतःविषयीच्या विचारांशी निगडित आहे. अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेनं उशिरा झिजतो. मुलाचं नाव विसरलेली आजी भजनाचं ध्रुपद कसं पुरं करते, याचं एक संभाव्य उत्तर इथं आहे.

आता रेडिओबद्दल एक गंमत. बा. वि. केसकर १९५२ मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीताचे ते कैवारी, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले, तिथं त्याच साली अमीन सयानींचा ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. एका पिढीच्या हुरहुरीत सिलोनची खरखर मिसळली आहे ती या मराठी मंत्र्यामुळे.

सिनेमातलं उसनं गाव

सिनेमा या सगळ्यांत सर्वात लबाड. पत्र आपल्याला उद्देशून असतं, गाणं आपण गुणगुणतो. सिनेमा तर दुसऱ्यानं रचलेलं आयुष्य. तरी तो आपल्या आठवणींत घुसतो. एखादी गोष्ट मनात आहे हे आपल्याला कळतं, पण ती घडलेली, ऐकलेली की पाहिलेली, हा शिक्का पुसट होत जातो. मार्सिया जॉन्सन या संशोधिकेनं आठवणीचा उगम ओळखण्याच्या या कामावर बरंच लिहिलं आहे.

खान्देशी माणसाची यात दुहेरी फसगत होते. जुन्या मराठी सिनेमातलं गाव बहुधा कोल्हापूरकडचं: तांबडा-पांढरा रस्सा, ऊस, पाटील, ‘काय वं’ म्हणणारी माणसं. कोल्हापूर हे चित्रनिर्मितीचं केंद्र होतं, त्यामुळे तसं होणं साहजिक. आमच्याकडे कपाशी, केळी, कळण्याची भाकरी, तापीची कोरडी उतरण. तरी ‘जुनं गाव’ म्हटलं की आमच्याही डोळ्यांसमोर पंचगंगेचा काठ येतो. उसन्या गावाची ही हुरहूर खोटी नव्हे, भावना खरीच असते. पत्ता तेवढा चुकीचा.

सिनेमातलं आपलं स्वतःचं काय असतं, तर पाहण्याची जागा. जत्रेतली टुरिंग टॉकीज, खाली माती, रीळ तुटलं की उठणारा गिल्ला, पडद्याच्या मागच्या बाजूला बसलेल्यांना डावखुरा दिसणारा नायक. कथा विसरते, हे राहतं. वडीलधाऱ्यांना ‘कोणता सिनेमा होता?’ असं विचारण्यापेक्षा ‘कुणाबरोबर गेला होता, परत कसे आला?’ असं विचारलं तर जास्त हाती लागतं.

बखर फेकून द्यायची का?

नाही. राजवाड्यांनंतरच्या अभ्यासकांनी बखरींकडे पुन्हा पाहिलं. काय घडलं हे कळायला त्या अपुऱ्या असतील, पण लोकांना काय आठवावंसं वाटत होतं, हे त्यांच्याइतकं दुसरं कोण सांगणार? धाब्यावरच्या चांदण्यांची गोष्ट हवामानखात्याला निरुपयोगी आहे, पण सांगणाऱ्याला आज काय कमी पडतंय, ते तिच्यात स्पष्ट ऐकू येतं.

धोका सुरू होतो तो बखरीलाच इतिहास मानून वर्तमानावर खटला भरला जातो तेव्हा. स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेनं हुरहुरीच्या दोन जाती सांगितल्या: एक हरवलेलं घर पुन्हा बांधायला निघते, दुसरी त्या हरवण्याकडेच पाहत थांबते. पहिलीचे सौदागर पुष्कळ आहेत. ‘तो काळच सोन्याचा’ म्हणणारे रील आणि शुद्ध जुन्या संस्कृतीचे ठेकेदार यांना आपली बखर तयार लागते. तारेवरचं कार्ड त्यांच्या उपयोगाचं नसतं, त्यात कपाशीचा पडलेला भाव असतो.

घरात हे करायचं झालं तर क्रम महत्त्वाचा. आधी आजी-आजोबांना हवं तसं सांगू द्यावं, मध्ये टोकू नये, फोनवर ध्वनिमुद्रण करावं. पत्रं नंतर काढावीत. दोन्हींत फरक निघाला तर दोन्ही ठेवावं. पत्रांना प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नये, ते पुढे काढता येत नाही आणि कागद खराब होतो. तारेवरून मात्र उतरवावीत. गंज भोकापासून पसरत जातो. दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, कारण शिक्का आणि पत्ता मागे असतो.

पत्रं थांबली, पण एका बाबतीत आजचा काळ उजवा आहे. गावच्या मावशीला आता पोराला जवळ बसवून पुस्तकी मराठीत लिहवून घ्यावं लागत नाही. ती व्हॉइस नोट पाठवते, थेट अहिराणीत, मागे कोंबड्याच्या आवाजासकट, आणि त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. पत्राचा खरेपणा आणि गाण्यातला आवाज एकाच जागी. फक्त फोन बदलला की ते सगळं जाऊ शकतं. तेव्हा त्या फाइली आधी संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवाव्यात, आणि प्रत्येकीच्या नावात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नातं लिहावं. ‘ऑडिओ ००४७’ या नावावरून पुढे कुणालाच काही कळणार नाही.